मेंदूची तालीम

त्या एका उन्हाळ्यात मी जितक्या वेळा केस धुतले, तितक्या वेळा पुढच्या कित्येक वर्षांत धुतले नसतील. सोलापुरात उन्हाळ्यात केस धुणं म्हणजे काय असतं ते सोलापूरकरालाच विचारावं. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढ्या धारेनं. त्यात माझे केस कमरेपर्यंत, आणि अव्वाचा, म्हणजे माझ्या आईचा, असा ठाम समज की तेल न लावता पोरगी उंबऱ्याबाहेर पडली तर लोक म्हणतील हिच्या घरी कुणी मेलंय. अव्वा सकाळी शेंगतेल थापून घट्ट वेणी घालायची आणि दुपारी डॉक्टरबाई ती वेणी सोडून, बोटाला बोट चोळून म्हणायच्या, "पुन्हा तेल? गौरी, तेलावर तारा चिकटत नाहीत, किती वेळा सांगायचं?" माझं नाव गौरी नव्हतं, गौरा होतं. ते मीही किती वेळा सांगायचं? मग घरी परत जाऊन शिकेकाईनं डोकं धुवायचं, अव्वाच्या शिव्या खायच्या, ओल्या केसांनी पुन्हा बाईंच्या दवाखान्याचा जिना चढायचा. बाई डोक्याला पांढरा चिकट मलम लावून तारा बसवायच्या. तो मलम वाळला की तांदळाच्या खळीसारखा व्हायचा आणि तो काढायला पुन्हा पाणी.

आणि दुखणं माझं नव्हतंच! दुखणं होतं सिदूकाकाचं.

सिदूकाका म्हणजे आमच्या आप्पांचा धाकटा भाऊ. आम्ही राहायचो पूर्व भागात. खाली आप्पांचं सुताचं दुकान, वर आम्ही, आणि चारी बाजूंनी माग. पॉवरलूमच्या खटाखट आवाजात आमच्याकडची पोरं जन्मतात आणि त्यातच झोपतात. पाहुणे आले की त्यांना झोप लागायची नाही आणि आम्ही विचारायचो, कसला आवाज? काका एका चादरीच्या कारखान्यात जॉबर होता. माग बिघडला की तो नीट करायचा. आत शिरल्याबरोबर नुसत्या कानानं सांगायचा, कितव्या मागाचा आडवं सूत नेणारा धोटा नीट जात नाही. संध्याकाळी घरी आला की त्याच्या केसात कापसाचं पांढरं भुसकट असायचं. कडक भाकरीचा मोठा तुकडा चटणीत बुडवून तो अव्वाला म्हणायचा, "वैनी, आज चटणी लई झकास," आणि ती रोज तीच असायची.

त्या कारखान्याला आग लागली. काका बाहेर आला. त्याच्या शेजारच्या मागावरचा नरसय्या आला नाही. दोघं बरोबरीचे, जेवणाच्या सुट्टीत एकमेकांचा डबा खाणारे. नरसय्याच्या संगतीत काकाला तेलुगू येऊ लागली होती. काकाच्या अंगावर भाजल्याचा एक डागसुद्धा नव्हता, त्यामुळं घरात आधी सगळ्यांनी देवाचे आभार मानले आणि तो बरा आहे असं ठरवून टाकलं.

तो बरा नव्हता. रात्र रात्र तो गच्चीवर बसून असे. जेवताना ताट घेऊन दारात जाई, कारण दाराकडं पाठ करून त्याला बसवत नव्हतं. एखादं वाक्य बोलायला घ्यायचा आणि मध्येच सोडून द्यायचा. कामावर तर जातच नव्हता. मग नातेवाइकांचे सल्ले सुरू झाले. मंद्रूपच्या आत्यानं मंतरलेला दोरा पाठवला. कुणी सिद्धेश्वराला अभिषेक सांगितला. एक लांबचे मामा आले, पोटभर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, जेवले आणि म्हणाले, "लग्न करून द्या, आपोआप सरळ हुतो." हे ऐकून मला तेव्हाही संताप आला होता, आता तर आठवून फारच येतो. माणसाला झोप लागत नाही म्हणून त्याच्या शेजारी एक नवीन मुलगी आणून झोपवायची! आप्पांनी स्वतःच्या बुद्धीनं निदान केलं, की सिदूला मागांच्या आवाजाचं भय बसलंय. त्यांनी वरच्या सगळ्या खिडक्यांना सुताची रिकामी पोती ठोकली. सोलापूरचा वैशाख, पत्र्याचं छप्पर आणि खिडक्यांना पोती! आम्ही आत भट्टीत भाजल्यासारखे बसून असायचो, आणि काका त्या अंधारात आणखीच गप्प होत चालला होता.

अशात डॉक्टरबाई आल्या. त्या परदेशात शिकून नुकत्याच परतल्या होत्या आणि आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं सासऱ्यांच्या जुन्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर बसू लागल्या होत्या. त्यांनी सामानातून एक पेटी आणली होती, साधारण शिवणयंत्राच्या झाकणाएवढी. पुढं एक काटा, चार बटणं आणि बाहेर लोंबणाऱ्या तारा. आप्पा सुताचा एक व्यवहार करायला तिथं खाली गेले आणि वरून भाषण ऐकून आले. "मेंदूत बारीक वीज असती," ते अव्वाला सांगत होते. "मानूस घाबरला की तिची लय येगळी, निवांत आसला की येगळी. ती पेटी लय वळकती. निवांत लय आली की पिपाणीसारखी वाजती. मग मानसानं ती वाजत ठेवायची. रोज थोडी थोडी. तालीमच म्हन की, मेंदूची!"

"वाजवायला माणूस काय भोंगा आहे?" अव्वा म्हणाली. ती अक्कलकोटकडची, राग आला की कानडीत जायची. "सुम्मने कूडरी, गप बसा. हुचाट म्हणतील घरात."

हुचाट म्हणजे वेडेपणा. पण आप्पांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते निघत नसे. काका एकटा जाणार नाही, आप्पांना दुकान, अव्वाला घर, म्हणून सोबतीला मी. पहिल्या दिवशी तेवढे आप्पा आमच्याबरोबर आले, आणि बाईंनी काकाची माहिती विचारता विचारता माझ्याकडं पाहिलं. मी तोवर त्यांच्या टेबलावरची टाचणी कानात घालून पाहिली होती, खिडकीतून दिसणारे पतंग मोजले होते आणि त्यांनी मला दोनदा विचारलेलं नाव ऐकलं नव्हतं. "हिचं लक्ष असं कायम भटकतं का?" त्यांनी विचारलं. आप्पांना एवढंच हवं होतं. शाळेतल्या माझ्या सगळ्या तक्रारी त्यांनी एका दमात सांगितल्या, दूध उतू गेल्याच्या आणि दुकानाचं कुलूप उघडं राहिल्याच्यासुद्धा. "हिलाबी लावा की तारा," आप्पा उदारपणे म्हणाले.

असा मलम माझ्या डोक्यावर आला.

त्या पेटीनं आमचा जो छळ केला तो काय सांगू! पंखा चालू असला की तिच्यात खरखर यायची, म्हणून पंखा बंद. दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागूनच माग. पहिल्या दिवशी काकाला तारा लावून होतात न होतात तोच पेटी एकसारखी गुणगुणू लागली. आप्पा हरखून उठले. "बगा की! सिदू एकदम निवांत झाला!"

"अहो, हा तुमच्या भावाचा मेंदू नाही," बाई कपाळाचा घाम पुसत म्हणाल्या. "ही मागच्या कारखान्याची मोटर आहे."

माझी वेगळीच तऱ्हा. डोळे मिटून मी कुठल्या तरी विचारात वाहवत गेले की पेटी छान वाजायची आणि मी 'वाजली!' म्हणून भानावर आले की बंद. बाईंनी बटण फिरवून दुसरी लय लावली, लक्ष लागल्यावर येते ती. मग मी दात आवळून लक्ष देऊ लागले. पेटी मुकी. "इतका जोर लावू नकोस," बाई म्हणाल्या. मी विचारलं, "मग काय करू?" त्या म्हणाल्या, "काहीच करू नकोस. पण लक्ष देऊन." पन्नास वर्षं होत आली, पण एवढं चिडवणारं वाक्य मला आजपर्यंत दुसरं कुणी ऐकवलेलं नाही.

आणि काकाचं तर अडलंच. त्याला डोळे मिटवत नव्हते. "मिटा," बाई म्हणायच्या. तो मिटायचा आणि लगेच उघडायचा. एखाद्या वेळी चुकून सूर लागायचा, लगेच तुटायचा, आणि तुटला की काका खुर्चीच्या कडेवर यायचा, हात मांड्यांवर घट्ट. बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. घरी आल्यावर आप्पा विचारायचे, "आज किती वाजली?" जणू काका गिरणीतून दळण आणायला गेला होता. अव्वा म्हणायची, "पोरीचे केस गळाले, दिराचं काही झालं नाही." काका जेवणाचं ताट घेऊन दारात जाऊन बसायचा. मला सगळ्यांचाच राग यायचा, त्याचासुद्धा.

शेवटी बाईंनी ठरवलं, मागांच्या सुट्टीच्या वारी या, म्हणजे मोटरीचा त्रास नाही. त्या दिवशी पूर्व भाग ओळखू येत नसे. सगळे माग बंद, गल्लीत कुणाच्या घरी भांडं पडलं तरी ऐकू यावं. काका जिना चढताना दर पायरीवर थांबत होता. मी कंटाळून त्याचा हात ओढला. वर पंखा बंद, खिडकी बंद. बाईंनी आधी मला आणि मग काकाला तारा लावल्या, माझ्या नुसत्याच लोंबत्या ठेवलेल्या आणि त्याच्या पेटीला जोडलेल्या. त्या हळू आवाजात बोलत राहिल्या. कितीतरी वेळानं काकाच्या पापण्या खाली आल्या, आणि पेटीतून बारीक, सरळ सूर निघाला. तो टिकला. बाईंनी माझ्याकडं पाहून हात वर केला, हलू नकोस म्हणून. काकाचे खांदे उतरले. असा चेहरा मी आगीनंतर पाहिलाच नव्हता.

मग सूर थांबला. त्यात काही विशेष नव्हतं, पेटीचं कामच ते. लय गेली की सूर जायचा. पण त्या खोलीत दुसरा कुठलाच आवाज नव्हता.

काका उठला तो खुर्चीसकट. तारा तुटल्या, पेटी टेबलावरून फरफटत खाली आली. त्यानं मला कमरेला धरून उचललं. मी चांगली तेरा-चौदा वर्षांची घोडी, पण त्यानं मला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि जिना कसा उतरला कुणास ठाऊक. माझं डोकं भिंतीवर आपटलं, झग्याची बाही टरकन फाटली. "भाईर, भाईर," एवढंच तो ओरडत होता. समोरच्या बंद सायकल दुकानाच्या पायरीवर त्यानं मला बसवलं आणि माझे हात, पाय, केस चाचपू लागला. "जळलं का कुटं? गौरव्वा, जळलं का?"

गल्लीतले लोक दारात आले होते. माझ्या पायात चप्पल नाही, केस मोकळे, त्यात मलमाचे गोळे, बाही लोंबतेय. लाजेनं आणि रागानं मला रडू फुटलं. "काका, आग नाहीये! कुठं आहे आग?" मी किंचाळले.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग हळू म्हणाला, "आवाज बंद झाला की."

बाई धापा टाकत खाली आल्या होत्या. गर्दीकडं न बघता त्या त्याच पायरीवर, त्याच्या शेजारी धुळीत बसल्या. "कसला आवाज, सिद्राम?"

"मागांचा." त्याला एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "आग कुटं लागली ते आमाला कळलंच न्हाय. पयली लाइट गेली. समदे माग येकदम गप झाले. कदी एवडं गप आयकलं नव्हतं मी. आन् मग त्या गपमदी नरसय्याची हाक आली." पुढचं न सांगता तो माझ्या केसातला मलमाचा गोळा काढू लागला.

बाई काहीशा चिडून, पण आमच्यावर नव्हे, म्हणाल्या, "आणि मी इतके दिवस तुमच्या कानातला सूर बंद करकरून तुम्हाला शांत व्हायला शिकवतेय."

घरी जो गोंधळ झाला तो मी लिहीत नाही. अव्वानं माझ्या फाटक्या बाहीकडं पाहून जाहीर केलं की यापुढं या घरातलं कुणी त्या बाईच्या दारात जाणार नाही. पण मला आप्पांचा चेहरा आठवतो. ते खिडकीशी गेले, पोत्याला हात लावला आणि म्हणाले, "मी हितं उकाड्यात पोती ठोकून बसलोय की रं, तुला आवाज नको म्हनून! सांगायला काय झालं हुतं तुला?"

काका म्हणाला, "मला वाटलं, तुमालाच नको आसंल आवाज."

आप्पांनी पक्कड आणली आणि खिळे उपटायला लागले. पोती निघाली तसा मागच्या गल्लीचा वारा आणि धूळ एकदम आत आली. सकाळी माग सुरू झाले तेव्हा काका भिंतीला टेकून झोपला होता. त्याला झोपलेला पाहून अव्वानं आम्हाला कुणालाही भांडं वाजवू दिलं नाही. मग स्वतःच्याच लक्षात आल्यावर तिनं मुद्दाम परात दणकन ठेवली, आणि तो तरीही झोपून राहिला.

दोन-तीन दिवसांनी काका जेवता जेवता म्हणाला, "मी जाणार हाय बाईंकडं." अव्वाचा चमचा हवेत राहिला. कित्येक महिन्यांत त्यानं 'मी अमुक करणार' असं वाक्य पुरं केलं नव्हतं. त्यामुळं ती रागानं फक्त एवढंच म्हणाली, "मग जा. पण पोरीला तेल लावणारच मी."

बाईंनी पेटीचा आवाज कायमचा बंद केला. पेटी पुढच्या खोलीत, मागांच्या भिंतीपासून लांब आणली, खिडकी उघडी ठेवली आणि काकाचं तोंड दाराकडं केलं. आता तो डोळे उघडे ठेवून काटा बघायचा. काटा हलका उजवीकडं गेला की ठीक, डावीकडं आला की पुन्हा श्वास सोडून पाहायचं. जन्मभर यंत्रांशी बोलणाऱ्या माणसाला हे समजलं. मध्ये मध्ये बाई त्याला आगीबद्दल विचारायच्या, अगदी थोडं, आणि काटा फार ढळला की तिथंच थांबायच्या. घाई मात्र त्यांना फार असायची. ती त्या दाबून धरत आहेत हे मला दिसायचं. कधी काटा आठवडाभर हलायचा नाही. कधी काका अर्ध्या वाटेतून परत फिरायचा आणि मी उन्हात त्याच्यामागं पळायची. असं पावसाळा सरेपर्यंत चाललं.

आता माझी मुलगी पुण्याहून फोन करते. तिच्या मुलाचं अभ्यासात लक्ष नाही, त्याला अशाच तालमीला घातलंय. डोक्याला टोपी घालतात, समोर पडद्यावर विमान, लक्ष लागलं की विमान वर जातं. "आई, तू केलं होतंस ना? उपयोग होतो का?" ती विचारते. तिला हो किंवा नाही हवं असतं. मी काय सांगू? माझ्या हातून आजही दूध उतू जातं. फक्त लक्ष गेलं, हे मला पूर्वीपेक्षा लवकर कळतं आणि मी परत येते, एवढं त्या मलमानं दिलं असेल. काकाला काट्यानं बरं केलं, की पोती निघाल्यानं, की कुणीतरी पायरीवर बसून 'कसला आवाज' असं विचारल्यानं, ते मला सांगता येणार नाही. तो पूर्ण बरा झाला असंही म्हणवत नाही. पुढं तो पुन्हा जॉबर म्हणून लागला, म्हातारा होईपर्यंत राबला, पण वीज गेली की हातातलं टाकून रस्त्यावर येऊन उभा राहायचा. मालक बडबडायचा. काका वीज आल्यावरच आत जायचा. मुलीला मी एवढंच सांगते, पोराला आधी विचार त्याला काय वाटतं ते, आणि त्याचे केस स्वतः धू. ती वैतागून फोन ठेवते.

मला सांगायचंय ते दुसरंच आहे. पाऊस संपताना एका दुपारी काका मला म्हणाला, "चल, नरसय्याच्या घरी." आगीनंतर तो त्या गल्लीत पाऊल टाकत नव्हता. नरसय्याची बायको राजम्मा उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. काकाला पाहून तिनं वर मान केली आणि पुन्हा कामाला लागली. "रस्ता सापडला का आता?" ती म्हणाली. "मला वाटलं, तू पण मेलास."

काका ओसरीच्या कडेला बसला. मी त्याच्यामागं. तिनं पाणी दिलं, चहा टाकला, पुन्हा येऊन सूप घेतलं. मग वळलेल्या विडीला दोरा गुंडाळत ती म्हणाली, "लोक सांगतात, त्यानं हाक मारली. तू ऐकली म्हणे. काय म्हणाला? मला बोलावलं का? पोरांना?"

काकाचे हात मांड्यांवर घट्ट झालेले मी पाहिले. इथं पेटी नव्हती, काटा नव्हता. त्यानं श्वास सोडला, पुन्हा घेतला.

"न्हाय," तो म्हणाला. "मलाच हाक मारली त्यानं. मी आत वळलो हुतो. त्यो वरडला, 'उरुकु, सिद्राम, उरुकु.' दोनदा म्हणाला."

उरुकु म्हणजे पळ. एवढी तेलुगू आमच्या भागात मलाही येत होती. बाईंनासुद्धा त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं.

राजम्माचा हात तंबाखूत तसाच राहिला. तिनं पदरानं तोंड पुसलं, डोळे नाही. "मग? पळालास?"

"पळालो."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, चहा उतू जात होता तिकडं धावता धावता, जवळजवळ रागावून म्हणाली, "घरात त्याचं कोणी ऐकायचं नाही. पोरं नाही, मी पण नाही. तू तरी ऐकलंस."